ट्रेल्सचे तेरा गेम: सुरुवात कुठून करायची?

(या भागात बोललेलं इथे लिहून काढलं आहे. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. कथेतलं कुठलंही मोठं गुपित फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.)

बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकत असाल, तर बसायला जागा मिळाली असू दे. कारण आजचा विषय लांबलचक आहे.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. तो म्हणतो, ‘ताई, कॉलेज संपलंय, नोकरी चार महिन्यांनी सुरू होणार. पुन्हा असा मोकळा वेळ कधी मिळेल माहीत नाही. ट्रेल्स सिरीज खेळायची खूप इच्छा आहे, पण गेम्सची यादी बघूनच घाम फुटतो. कुठून सुरू करू? आणि सगळे नाही झाले तर?’

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. ‘सगळे नाही झाले तर?’ कारण ऑर्डर ठरवायची म्हणजे नुसते आकडे लावायचे नसतात. आपल्याकडे वेळ किती आहे आणि तो कुठे घालवायचा, हे ठरवायचं असतं. तर आज त्यावरच बोलू.

आधी हे आहे तरी काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. निहोन फाल्कम नावाची जपानी कंपनी आहे, १९८१ साली सुरू झालेली. मोठमोठ्या स्टुडिओंच्या मानाने अगदी लहान. २००४ साली जपानमध्ये त्यांनी ‘ट्रेल्स इन द स्काय’ हा गेम विंडोजवर आणला आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली. जपानीत सिरीजचं नाव ‘किसेकी’. किसेकी म्हणजे मागे उमटलेली वाट, माग. गंमत म्हणजे जपानीत उच्चार तोच ठेवून वेगळ्या अक्षरांत लिहिलं की त्याचा अर्थ होतो ‘चमत्कार’.

आता या सिरीजचं वेगळेपण ऐका. फायनल फॅन्टसीत साधारणपणे प्रत्येक नंबराला नवं जग, नवी माणसं. दहावा खेळा, सातवा खेळा, काही बिघडत नाही. ट्रेल्समध्ये मात्र पहिल्या गेमपासून आत्तापर्यंत एकच जग आहे, एकच खंड आहे आणि एकच कालरेषा आहे. खंडाचं नाव झेमुरिया. एका गेममध्ये बाजारात भाजी विकणारी बाई दोन गेमनंतर कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत असते. आणि ते लग्न कुणाचं, हे तुम्हाला माहीत असतं.

एक शंका आधीच मिटवते. बॉक्सवर ‘द लेजंड ऑफ हीरोज’ असंही लिहिलेलं असतं. त्या नावाचे गेम १९८९ पासून आहेत आणि स्काय हा जपानमध्ये सहावा म्हणून आला. मग आधीचे पाच खेळायला हवेत का? अजिबात नाही. ते वेगळं जग आहे. आपली गोष्ट स्कायपासूनच.

यादी एकदा नीट ऐका

मुख्य गेम तेरा आहेत. घाबरू नका, त्यांचे गट पाडले की सोपं होतं.

पहिला गट स्काय. तीन गेम. देश लिबर्ल. एस्टेल आणि जोशुआ ही दोन मुलं ब्रेसर व्हायला निघतात. ब्रेसर म्हणजे काय, तर लोकांच्या अडचणी सोडवणाऱ्या संघटनेचे सदस्य. मांजर हरवलं तरी तेच, राक्षस आला तरी तेच.

दुसरा गट क्रॉसबेल. ‘ट्रेल्स फ्रॉम झिरो’ आणि ‘ट्रेल्स टू अझ्युर’, असे दोन गेम. एक छोटंसं शहर-राज्य, दोन बलाढ्य देशांच्या मध्ये चेपलेलं. नायक लॉइड, पोलिसात नवा लागलेला.

तिसरा गट कोल्ड स्टील. चार गेम. देश एरेबोनिया साम्राज्य, नायक रीन, जागा लष्करी शाळा.

मग ‘ट्रेल्स इनटू रेव्हरी’. हा एकटाच. मागच्या दोन गटांचा समारोप म्हणा.

आणि चौथा गट, देश कॅल्व्हार्ड प्रजासत्ताक. ‘डेब्रेक’ एक आणि दोन, आणि त्यापुढचा ‘बियाँड द होरायझन’, जो इंग्रजीत जानेवारी २०२६ मध्ये आला.

तीन, दोन, चार, एक, तीन. झाले तेरा. ‘नायुता’ नावाचा अजून एक गेम दिसेल, तो मूळ कथेपासून जवळजवळ वेगळाच आहे. मन झालं तर कधीही खेळा.

आता हिशोब. एक गेम साधारण चाळीस ते सत्तर तास खातो. सरासरी पन्नास धरली तरी तेरा गेमचे साडेसहाशे तास. रोज एक तास खेळलात तर पावणेदोन वर्षं! म्हणून म्हटलं, ऑर्डर हा वेळेचा प्रश्न आहे.

इंग्रजीवाल्यांनी उलटसुलट खेळून बघितलंय

इंटरनेटवर कुणी म्हणतं कोल्ड स्टीलपासून सुरू करा, कुणी म्हणतं स्कायशिवाय हात लावू नका. हा गोंधळ आला कुठून? तर इंग्रजी भाषांतराच्या इतिहासातून.

पहिला स्काय इंग्रजीत आला मार्च २०११ मध्ये, पीएसपीवर. जपाननंतर जवळजवळ सात वर्षांनी. आणि तो संपतो अशा ठिकाणी, की दुसरा भाग लगेच हवा. तो दुसरा भाग इंग्रजीत कधी आला? ऑक्टोबर २०१५. साडेचार वर्षं लोक तसेच लटकून होते. या गेममध्ये मजकूर इतका प्रचंड असतो की भाषांतर हेच मोठं काम होऊन बसतं.

आणि मग दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, कोल्ड स्टीलचा पहिला भाग आला. मधले क्रॉसबेलचे दोन्ही गेम? ते अधिकृतपणे इंग्रजीत आले २०२२ आणि २०२३ मध्ये. तोवर कोल्ड स्टीलचे चारही भाग येऊन गेलेले! मधल्या काळात ‘जिओफ्रंट’ नावाच्या चाहत्यांच्या गटाने स्वतः भाषांतर केलं, आणि पुढे अधिकृत आवृत्तीचा पाया तेच भाषांतर झालं.

म्हणजे इंग्रजीत खेळणाऱ्या एका अख्ख्या पिढीने मधला भाग वगळून शेवटचा आधी खेळला. त्यांचा अनुभव आपल्या कामाचा आहे. त्यांना मजा आली नाही का? आली की! पण बऱ्याच जणांना कोल्ड स्टीलच्या उत्तरार्धात हाच अनुभव आला, की पडद्यावर कुणीतरी येतं, सगळी पात्रं भारावून जातात आणि आपण मात्र ‘हा कोण?’ म्हणत बसतो. लग्नाला गेल्यावर सगळे नातेवाईक गळ्यात पडतात आणि आपल्याला एकाचंही नाव आठवत नाही, तसं.

माझं उत्तर: आले त्या क्रमाने खेळा

आता माझं मत. जपानमध्ये ज्या क्रमाने आले, त्याच क्रमाने खेळा. स्कायचे तीन, झिरो, अझ्युर, कोल्ड स्टील चार, रेव्हरी, डेब्रेक दोन, होरायझन.

‘पण ताई, कथेतल्या तारखांप्रमाणे खेळलं तर?’ हाही प्रश्न येतो. कारण क्रॉसबेलचे दोन गेम आणि कोल्ड स्टीलचे पहिले दोन साधारण एकाच काळात घडतात, त्यांच्या पंचांगातलं वर्ष १२०४. ऑगस्टच्या अखेरीस एक आंतरराष्ट्रीय परिषद असते. अझ्युरमध्ये तुम्ही त्या इमारतीत असता. कोल्ड स्टीलमध्ये तुम्ही त्याच वेळी सीमेच्या पलीकडे, एका किल्ल्यात. एकच दिवस, दोन बाजूंनी.

मग दोन्ही गेम आलटून पालटून खेळायचे? नको. कोल्ड स्टील दोनमध्ये अझ्युरचा शेवट काय झाला हे सरळ दिसतं. एक छोटा भाग तर क्रॉसबेलमध्येच घडतो. अझ्युर आधी खेळलेल्याला तिथे ओळखीचा चेहरा दिसतो आणि पोटात कसंतरी होतं. न खेळलेल्याला तिथे फक्त एक बॉसफाइट दिसते. तोच गेम, तोच सीन, पण दोघांच्या हाती वेगळं काही लागतं. लेखकांनी अझ्युर आधी लिहिला, हे धरूनच पुढचं लिहिलंय. त्यांनी ज्या क्रमाने सांगितलं, त्या क्रमाने ऐकावं.

आता मी का इतकं ताणून धरते, ते सांगते. स्कायच्या दुसऱ्या भागात एक लहान मुलगी येते. जेमतेम दहा-अकरा वर्षांची. नाव सांगत नाही. गोड बोलते, पण तिच्यात काहीतरी फार चुकलंय हे तुम्हाला जाणवतं. तिसऱ्या भागात तिचा भूतकाळ कळतो. तो भाग खेळताना मी लॅपटॉप मिटून गच्चीत जाऊन उभी राहिले होते. अंगावर येतो. ते ज्या संयमाने लिहिलंय, तसं गेम्समध्ये क्वचित बघायला मिळतं. मग क्रॉसबेलमध्ये ती पुन्हा भेटते. आणि खूप पुढे, डेब्रेकमध्ये, ती शाळेत जाते. गणवेश घालते. मैत्रिणींची फिरकी घेते.

शाळेत जाणारी मुलगी. एवढंच! थेट डेब्रेकपासून सुरू करणाऱ्याला ती एक हुशार, थोडी आगाऊ सीनिअर वाटते. पण जो पहिल्यापासून आलाय, त्याला तिच्या हातातलं दप्तर बघूनच भरून येतं. गावाकडे दर सुट्टीत जाताना शेजारचं पोर एकेक वर्षाने मोठं झालेलं बघावं आणि एक दिवस ते स्वतः चहा करून आणून द्यावं, तसं काहीसं. हे कुठल्याही यूट्यूब सारांशात मिळत नाही. ते फक्त तास घालूनच मिळतं.

‘तिसरा स्काय सोडला तर चालेल ना?’

नाही चालणार! हा सल्ला सर्रास दिला जातो. कारण तिसरा भाग गावोगाव फिरवत नाही, एका विचित्र जागेत अडकवतो आणि दारं उघडायला लावतो. प्रत्येक दारामागे एक गोष्ट. काही गमतीच्या, काही भयंकर. ज्यांना फिरायला आवडतं, त्यांना कंटाळा येतो, हे मान्य.

पण त्या दारांमागे पुढच्या दहा गेमचं बी पेरलेलं आहे. आणि याचा नायक केव्हिन, जो २००७ साली इथे नायक होता, तोच होरायझनमध्ये तीन नायकांपैकी एक आहे. मधे सतरा वर्षं गेली. तिसरा सोडलात तर त्या तिघांपैकी एकाशी तुमची ओळखच होणार नाही.

पण सगळ्यांना हे जमेल असं नाही

क्रम पाळा म्हणणं सोपं आहे. ऐकणाऱ्यांत बारा तासांची शिफ्ट करणारे आहेत, जुन्या लॅपटॉपवर खेळणारे आहेत, एका गेमपुरतेच पैसे असणारेही आहेत. तर तुमच्या परिस्थितीनुसार बघू.

लॅपटॉप जुना आहे? मग तुम्ही उलट नशीबवान. मूळ स्काय इतका हलका आहे की ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. दिसायला जुना आहे, पात्रं बुटकी बुटकी आहेत, पण तासाभरात डोळे सरावतात.

जुने ग्राफिक्स नकोच असतील तर सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्या स्कायचा नवा रिमेक आला, ‘फर्स्ट चॅप्टर’. जपानमध्ये आणि बाहेर एकाच दिवशी. कुठे साडेसहा-सात वर्षांची वाट आणि कुठे हे! कथा तीच, दिसायला आजच्या काळातला, बरेच संवाद आवाजात. त्याला बऱ्यापैकी पीसी किंवा कन्सोल लागतो. डेमो आहे, आधी तो खेळा. दुसऱ्या भागाचाही रिमेक जाहीर झालाय. थांबवत नसेल तर जुना दुसरा भाग खेळा, कथा तुटत नाही. फक्त रिमेकची सेव्ह फाइल जुन्या दुसऱ्या भागात चालत नाही, हे लक्षात ठेवा.

एकच गेम खेळायचाय, पुढचं पुढे बघू? मग डेब्रेकचा पहिला भाग. नवा देश, नवा नायक व्हॅन. पोलीस आणि ब्रेसर जी कामं घेत नाहीत, ती घेणारा. एक शाळकरी मुलगी त्याच्या ऑफिसात येते, पणजोबांची हरवलेली वस्तू शोधून द्या म्हणते, आणि सुरुवात होते. जुनी माणसं आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. लढाईही आधुनिक आहे, मोकळेपणी तलवार फिरवा किंवा बटण दाबून टर्न-बेस्डमध्ये जा.

शाळेचं वातावरण, मित्रमंडळी, पर्सोनासारखं काही आवडतं? तुमचा ओढा कोल्ड स्टीलकडे असणार. सुरुवात तिथून केलीत तर मी रागावणार नाही. फक्त एक करा. दुसरा भाग संपला की थांबा. तिसऱ्याला हात लावण्याआधी मागे जा, स्काय आणि क्रॉसबेल खेळून या. कारण तिसऱ्या-चौथ्या भागात सगळे रस्ते एकत्र येतात आणि तिथे जुनी ओळख नसली की जेवढं चुकतं, तेवढं पहिल्या दोनमध्ये चुकत नाही.

झिरोपासून? हाही बरा मार्ग आहे. पोलीस कथा आवडणाऱ्यांसाठी तर मस्तच. पण मघाशी सांगितलेल्या त्या मुलीच्या गोष्टीचा एक महत्त्वाचा टप्पा झिरोमध्ये आहे. सुरुवात माहीत नसताना तो टप्पा वाया जातो. मला ते परवडत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

खेळताना उपयोगी पडेल असं

पहिलं. सगळे गेम एकदम विकत घेऊ नका. सेल लागला की बंडल बघून हात शिवशिवतात, पण दुसरा संपेपर्यंत चौथ्याची गरज नसते. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, हे खरं. पण ट्रेल्सचे पहिले दोन तास म्हणजे जेमतेम प्रस्तावना. तेवढ्यावरून निकाल लावू नका. पहिला अध्याय पुरा करा, मग ठरवा.

दुसरं. स्पीड वाढवायचं बटण असतं. पीसीच्या आवृत्त्यांमध्ये टर्बो आहे. चालणं आणि लढाई वेगात, संवाद आपल्या वेगात. यात कमीपणा काही नाही.

तिसरं. इंग्रजी वाचायची सवय नसेल तर सुरुवातीला जड जातं. मराठी माध्यमातल्या कितीतरी जणांनी मला हे कळवलंय. घाई करू नका. रोजच्या बोलण्यातली सोपी वाक्यं असतात. अडलेला शब्द फोनवर बघा. पहिल्या गेमला तुम्हाला चाळीसच्या जागी साठ तास लागतील, लागू देत. पाचव्या गेमपर्यंत कुणी मागे राहत नाही.

चौथं. गावातल्या माणसांशी बोला, पण सगळ्यांशी नाही. कथा पुढे सरकली की जवळजवळ प्रत्येकाचे संवाद बदलतात, हे या सिरीजचं वैभव आहे. पण प्रत्येक वेळी प्रत्येक दार वाजवत बसलात तर तिसऱ्या गेमलाच दमाल. चार-पाच माणसं आपली मानून घ्या आणि त्यांना भेटत राहा. मी दर गावात एक भांडखोर जोडपं शोधते. पुरतं मला.

पाचवं. सेव्ह फाइल जपा. स्काय एकची जुनी फाइल दोनमध्ये, झिरोची अझ्युरमध्ये, कोल्ड स्टील एकची दोनमध्ये नेता येते. थोडा फायदा होतो, आणि आपण तिथूनच आलोय असं वाटतं ते वेगळं.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं. विकी उघडू नका. पात्राचं नाव सर्च केलंत तर पहिल्याच ओळीत त्याचं पुढे काय झालं ते लिहिलेलं असतं. पुढच्या गेमचे ओपनिंग व्हिडिओसुद्धा बघू नका. कोण जिवंत आहे, कोण कुणाच्या बाजूला आहे, सगळं त्या दीड मिनिटात दिसतं. एकदा कळलं की कळलं. ते पुसता येत नाही.

आता त्या चार महिन्यांचं बोलू

तर मित्रा, तुझा हिशोब मी मांडून ठेवलाय. चार महिने म्हणजे एकशेवीस दिवस. रोज दोन तास धरले तर दोनशे चाळीस तास. स्कायचे तीन मिळून साधारण एकशेतीस. झिरो आणि अझ्युर मिळून शंभर. झाले दोनशे तीस. दहा तास सणासुदीला आणि पाहुण्यांना ठेव.

म्हणजे नोकरीवर जाशील तेव्हा लिबर्ल आणि क्रॉसबेल तुझे झालेले असतील. पाच गेम, दोन देश. अझ्युरच्या शेवटी पुढची दारं उघडी राहतात, पण तुला ज्या माणसांची काळजी लागली होती त्यांचा एक मोठा टप्पा पूर्ण होतो. तिथे वर्षभर थांबलास तरी चालेल. लोक एका क्लिफहँगरवर साडेचार वर्षं थांबले होते, तुला तर थांबायला तेवढं कारणही नाही.

आणि ‘सगळे नाही झाले तर?’ तर नाही झाले. ही सिरीज २००४ पासून चालू आहे आणि अजून संपलेली नाही. बनवणाऱ्यांनीच अजून शेवटपर्यंत नेलेली नाही, तर आपण कसली घाई करायची? पाच गेम मन लावून खेळलेला माणूस तेरा गेम पळत पळत उरकणाऱ्यापेक्षा जास्त घेऊन जातो. ट्रेल्समध्ये मोठं जे काही आहे, ते सगळं सावकाश घडतं. शिफ्ट सुरू झाल्यावर रविवारी दोन तास मिळाले, तर रविवारी दोन तास. रीन आणि व्हॅन कुठे जात नाहीत.

फक्त पहिला गेम संपला की मला मेसेज कर. वेळ कुठलीही असो. तो शेवट बघून लोक काय लिहितात, ते वाचायला मला फार आवडतं.

बाकीच्यांनीही कळवा, तुम्ही कुठून सुरुवात केलीत. कोल्ड स्टीलवाल्यांनी भांडायला या, मी तयार आहे. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत खेळत राहा, आणि मधूनमधून झोपत पण जा!